बाप्तिस्मा आणि देवाचे आपलेपण

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या स्मृतीत बाप्तिस्म्याची दोन अगदी भिन्न चित्रे पिढ्यानपिढ्या शेजारी शेजारी नांदत आली आहेत. वसईच्या कॅथलिक घरात बाप्तिस्मा म्हणजे नव्या बाळाचे कोडकौतुक, आजोळच्या माणसांची वर्दळ, धर्मपिता व धर्ममाता यांचा मान आणि देवळातून परतल्यावर बसणारी पंगत. तर अहमदनगर किंवा मुंबई येथील कित्येक प्रॉटेस्टंट घराण्यांत पणजोबांचा बाप्तिस्मा म्हणजे सुटलेले घर, ज्ञातीने घातलेला बहिष्कार, आणि प्रसंगी कोर्टकचेरीपर्यंत गेलेला कलह. ज्या विधीने एका घरात आप्तांना एकत्र आणले, त्याच विधीने दुसऱ्या घरात आईबापांपासून मुलगा तोडला. तेव्हा आज ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे, अशा तरुण आईबापांनी हा विधी नेमके काय करतो, तो अर्भकाला द्यावा की जाणत्याला, आणि त्याने मूल देवाचे 'होते' म्हणजे तरी काय होते, असे प्रश्न विचारले, तर ते अश्रद्धेचे लक्षण मानण्याचे कारण नाही. उलट या प्रश्नांचा उलगडा न करता केवळ वहिवाट म्हणून विधी उरकणे, हेच श्रद्धेला अधिक हानिकारक आहे.

शुभवर्तमानांतील कथेकडे पाहिले तर एक गोष्ट प्रथमच ध्यानात भरते. येशू यार्देन नदीवर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आला, तेव्हा त्याने अजून एकही रोगी बरा केलेला नव्हता, एकही दृष्टान्त सांगितलेला नव्हता, एकही शिष्य मिळवलेला नव्हता. आणि तरीही पाण्यातून वर येताच आकाशवाणीने त्याला प्रिय पुत्र म्हणून संबोधले. कर्तृत्व पुढचे होते, नाते आधीचे होते. हाच क्रम बाप्तिस्म्याच्या सर्व विचाराचा कणा आहे. मनुष्याने काही करून दाखवल्यावर देव त्याला आपला म्हणतो असे नसून, देवाने आपले म्हटल्यामुळे मनुष्याला काही करण्याचे बळ येते. अर्भकाला बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या असोत की केवळ जाणत्या माणसाला तो देणाऱ्या मंडळ्या असोत, हा क्रम कोणीही नाकारीत नाही. त्यांच्यातील वाद आहे तो या क्रमाची साक्ष कोणत्या वेळी व कोणत्या रीतीने द्यावी, एवढ्यापुरताच.

प्रेषित पौल या नात्याचे वर्णन करताना दत्तकाचा शब्द योजतो, आणि तो मराठी वाचकाला परका नाही, कारण संस्थानांच्या गाद्यांपासून सामान्य घराण्यांच्या वतनांपर्यंत दत्तकविधानाचे महत्त्व आपण पाहिलेले आहे. दत्तक जाणारे मूल आपल्या गुणांची परीक्षा देऊन त्या घरात प्रवेश करीत नाही. घेणाऱ्याच्या संकल्पाने आणि पंचांसमक्ष झालेल्या विधीने ते त्या घराचे होते, त्या घराचे नाव लावते आणि वारसा पावते. पुढे ते मूल घराण्याची कीर्ती वाढवील किंवा बुडवील, आईबापांशी प्रेमाने वागेल किंवा रुसून निघून जाईल. पण या वागण्यामुळे त्याचे मुलगेपण रद्द होत नाही. आजचा कायदाही एकदा यथाविधी झालेले दत्तक मागे घेऊ देत नाही. बाप्तिस्मा एकदाच द्यावयाचा असतो, त्याची पुनरुक्ती करावयाची नसते, हा जो नियम बहुतेक सर्व मंडळ्यांनी मानला आहे, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. मात्र पौल एवढ्यावर थांबत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे व त्याच्याबरोबर नव्या जीवनासाठी उठणे असे म्हणतो, म्हणजे या दत्तकात वारशाइतकेच मरणही आहे, जुन्या स्वार्थी जिण्याचा त्याग आहे. आणि हा त्याग एका दिवसात संपणारा नसून आयुष्यभर चालणारा आहे.

प्रारंभीच्या मंडळीने हा विधी कसा चालवला, याची साधने बरीच उपलब्ध आहेत. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच रचल्या गेलेल्या 'दिदाखे' नामक लहानशा ग्रंथात बाप्तिस्मा शक्यतो वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर अन्य पाण्यात द्यावा, आणि पुरेसे पाणीच नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मस्तकावर तीन वेळा ओतावे, अशी मोकळी आज्ञा आहे. त्यावरून पाण्याच्या परिमाणाविषयी पुढे जो कडवा वाद माजला, तो त्या आद्य काळी नव्हता असे दिसते. युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपस या गावी उत्खननात तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील एक घर सापडले. त्याच्या एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड होते आणि भिंतींवर मेंढपाळाचे व कबरेकडे निघालेल्या स्त्रियांचे चित्रण होते. छळाच्या काळात राहत्या घराचेच मंदिर करून तेथे ख्रिस्ती माणसे देवाच्या घरात जन्म घेत होती.

अर्भकांविषयीचा मतभेदही तितकाच जुना आहे. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै येथील लुदिया आणि त्याच नगरातील बंदिशाळेचा नायक या दोघांनी आपापल्या घरच्या मंडळींसह बाप्तिस्मा घेतल्याचे सांगितले आहे. त्या घरांत तान्ही मुले होती की नव्हती, हे तेथे लिहिलेले नाही, आणि म्हणून दोन्ही पक्ष त्या कथांचा आधार घेत आले. सुमारे इसवी सन २०० मध्ये कार्थेज येथील ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियनाने मुलांना वय येईपर्यंत थांबवावे असा सल्ला दिला, आणि त्या सल्ल्यावरूनच त्या काळी मुलांना बाप्तिस्मा देण्याची रीत अस्तित्वात होती हे सिद्ध होते. सुमारे पन्नास वर्षांनी त्याच नगरात सिप्रियनाच्या अध्यक्षतेखाली बिशपांची परिषद भरली, आणि सुंतेप्रमाणे आठव्या दिवसापर्यंतही थांबण्याचे कारण नाही, देवाची कृपा नवजाताला नाकारू नये, असा निर्णय तिने दिला. चौथ्या शतकात मात्र उलटी लाट आली. बाप्तिस्म्यानंतर केलेले पाप अक्षम्य ठरेल या भीतीने अनेक मोठी माणसे तो मरणापर्यंत लांबणीवर टाकू लागली, आणि खुद्द सम्राट कॉन्स्टन्टाइनाने तो ३३७ साली मृत्युशय्येवर घेतला. पुढे मंडळीचा थोर आचार्य ठरलेल्या ऑगस्टीनच्या आईने, मोनिकेने, त्याला बालपणी उपदेशार्थी म्हणून नोंदवले, पण बाप्तिस्मा पुढे ढकलला. अखेर ३८७ च्या ईस्टरला मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीन आणि त्याचा किशोरवयीन पुत्र अदेओदातुस या दोघांनी तो एकत्रच घेतला. आईची वर्षानुवर्षांची प्रार्थना, बापाची उशिरा आलेली जाग आणि मुलाचा बापाबरोबर झालेला प्रवेश, असा तीन पिढ्यांचा हा वृत्तान्त ख्रिस्ती कुटुंबांना पुनःपुन्हा आठवावा असा आहे.

सोळाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा पेटला. १५२५ च्या जानेवारीत झुरिक येथे काही सुधारकांनी, अर्भकपणी मिळालेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असे ठरवून एकमेकांना नव्याने तो दिला. त्यांपैकी फेलिक्स मान्झ यास १५२७ साली तेथील सरकारने लिम्मात नदीत बुडवून मारले. पाण्याविषयीचा वाद पाण्यातच माणूस मारून मिटवण्याचा हा प्रकार ख्रिस्ती इतिहासातील लज्जास्पद प्रकारांपैकी एक होय. बॅप्टिस्ट व तत्सम मंडळ्या आजही स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देणाऱ्यासच पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात, आणि बाळाचे केवळ समर्पण करून त्याच्यासाठी आशीर्वाद मागतात. कॅथलिक, अँग्लिकन, मेथॉडिस्ट इत्यादी मंडळ्या अर्भकाला तो देतात, आणि त्याची वैयक्तिक कबुली पुढे दृढीकरणाच्या वेळी घेतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या तान्ह्या मुलास तीनदा बुडवून लगेच तैलाभ्यंग व प्रभुभोजनही देतात.

या वादात महाराष्ट्राच्या भूमीवर झालेला एक तोडगा विशेष नोंदण्याजोगा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, मेथॉडिस्ट इत्यादी सहा मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली, तेव्हा अर्भकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती एकाच मंडळीत समान मान्यतेने राहतील, असे ठरवण्यात आले. आईबापांनी बाळाला बाप्तिस्मा द्यावा व पुढे दृढीकरण करावे, किंवा बाळाचे समर्पण करून पुढे त्याने स्वतः कबुलीसह बाप्तिस्मा घ्यावा. कोणत्याही वाटेने गेले तरी देवाचा पुढाकार आणि मनुष्याचा प्रतिसाद ही दोन्ही टोके जुळली पाहिजेत, एवढाच आग्रह. जागतिक पातळीवर १९८२ च्या लिमा येथील दस्तऐवजात अनेक परंपरांच्या धर्मपंडितांनी जवळजवळ हेच तत्त्व मांडले, आणि बाप्तिस्म्याची पुनरुक्ती टाळण्याचा आग्रह धरला.

आता प्रत्यक्ष विधीकडे वळू. कॅथलिक देवळात धर्मगुरू प्रथम उंबरठ्याशीच आईबापांना बाळाचे नाव विचारतात आणि त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. मग शास्त्रवाचन होते, वाईटाचा त्याग व विश्वासाची कबुली बाळाच्या वतीने आईबाप व धर्ममातापिते देतात, मस्तकावर तीनदा पाणी ओतले जाते, सुगंधी पवित्र तेल लावले जाते, शुभ्र वस्त्र पांघरले जाते आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवून घरच्यांच्या हाती दिली जाते. यांपैकी पाणी आणि त्रैक्याचे नाव एवढेच अत्यावश्यक; बाकी सर्व त्या दोहोंचे स्पष्टीकरण होय. म्हणूनच बाळ मरणोन्मुख असेल तर त्याच्यावर पाणी ओतून ती वचने उच्चारण्याचा अधिकार कोणाही मनुष्यास आहे. मंडळीचा हेतू मनात धरून ते केले, तर रुग्णालयातील ख्रिस्तेतर परिचारिकेच्या हातचा बाप्तिस्माही पूर्ण मानला जातो.

घरोघर गैरसमज होतात ते बहुधा दोन गोष्टींत. पहिली नावाची. बाप्तिस्म्याबरोबर परकीय नाव घेतलेच पाहिजे अशी समजूत आढळते, परंतु कॅथलिक मंडळीचा नियम केवळ ख्रिस्ती भावनेस विसंगत नाव नसावे एवढाच आहे. वसईच्या पट्ट्यात परेरा, लोपीस ही आडनावे पोर्तुगीज अमदानीत आली, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर सत्ता बदलली तरी ती टिकली. उलट कवी नारायण वामन टिळक बाप्तिस्म्यानंतरही नारायण वामन टिळकच राहिले. दुसरी गोष्ट धर्ममातापित्यांची. हा मान श्रीमंत नातलगाला देऊन भेटवस्तू मिळवण्यासाठी नाही; ज्याने स्वतः दृढीकरण घेतले आहे व किमान सोळा वर्षांचे वय गाठले आहे, अशा श्रद्धावान माणसाने बाळाच्या वाढीची जबाबदारी उचलावी यासाठी आहे. आईबापांपैकी एक ख्रिस्ती व दुसरे अन्यधर्मीय असेल तरी मुलाचा बाप्तिस्मा होऊ शकतो. मात्र एकाची तरी संमती असली पाहिजे, आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा असली पाहिजे.

आता प्रारंभीच्या दुसऱ्या चित्राकडे वळावे लागते. १८३९ साली मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन यांच्याकडे धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि मिशनच्या शाळेतील मुले भराभर काढून घेण्यात आली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या धाकट्या भावास, श्रीपतीस, न्यायालयाने अज्ञान ठरवून बापाच्या हवाली केले, आणि त्यास ज्ञातीत परत घ्यावे की नाही या वादात बाळशास्त्री जांभेकर यांनी शुद्धीचा पक्ष घेऊन सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. १८५४ साली बेळगाव येथे बाबा पदमनजी यांनी, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, आणि त्यानंतर आपल्या विचाराने, आपल्या वेळी त्यांनीही तो घेतला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेतील हा भाग कुटुंबाने एकमेकांच्या श्रद्धेला किती अवकाश द्यावा याचा उत्तम पाठ आहे. पंडिता रमाबाई यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यासमवेत त्यांची लहान मुलगी मनोरमा हिचाही झाला. आई विचारपूर्वक कबुली देत होती, मुलगी आईच्या कबुलीवर विसंबून होती, आणि एकाच पाण्याने दोघी एकाच घरात आल्या. पुढे रमाबाईंनी कोणत्याही एका पंथाच्या शिस्तीत स्वतःला पूर्ण बांधून घेण्याचे नाकारले, यावरून देवाचे असणे आणि एखाद्या मिशनचे असणे यांतला भेद त्यांनी किती स्वच्छ ओळखला होता हे कळते.

कुटुंबांच्या मनात सर्वांत खोल रुतलेले भय म्हणजे बाप्तिस्म्यापूर्वीच गेलेल्या बाळाचे. मध्ययुगीन धर्मपंडितांनी अशा बालकांसाठी 'लिंबो' नामक अवस्थेची कल्पना केली होती. परंतु ती मंडळीचा बंधनकारक सिद्धान्त कधीच नव्हती, आणि २००७ साली कॅथलिक मंडळीच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र समितीने या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार आहेत, असे प्रसिद्ध केले. मुलांना जवळ येऊ द्या म्हणणाऱ्या प्रभूच्या दारी एखाद्या विधीच्या अभावी बाळ अडवले जाईल, अशी शंका पोसणे म्हणजे दत्तकपत्राच्या कागदाला घेणाऱ्या बापापेक्षा मोठे मानणे होय. दुसरे भय आपल्या बाप्तिस्म्याच्या ग्राह्यतेचे: ज्या धर्मगुरूने तो दिला त्याचे आचरण पुढे वाईट निघाले तर काय? चौथ्या शतकात आफ्रिकेतील डोनाटस पंथीयांनी हाच आक्षेप घेतला होता, आणि बाप्तिस्मा देणारा खरा कर्ता ख्रिस्त असल्यामुळे हाताच्या मलिनतेने देणगी मलिन होत नाही, हा ऑगस्टीनने दिलेला निर्वाळा मंडळीने स्वीकारला. या तत्त्वामुळेच पाण्याने व त्रैक्याच्या नावाने यथाविधी झालेला अन्य मंडळीतील बाप्तिस्मा कॅथलिक मंडळीही सामान्यतः मान्य करते, आणि दोन मंडळ्यांतील वधूवरांनी यावरून आपापसांत वितुष्ट आणण्याचे प्रयोजन उरत नाही.

असे असूनही पाण्याला देवाच्या आपलेपणाची सीमा समजू नये, याची आठवण महाराष्ट्रातच दोन ठिकाणी मिळते. १८८२ साली फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत उतरलेली मुक्तिफौज जलबाप्तिस्मा देतच नाही. बाळांचे समर्पण करते आणि जाणत्यांना ध्वजाखाली सैनिक म्हणून दाखल करून घेते. आणि १९१७ साली साताऱ्यास टिळकांनी 'देवाचा दरबार' उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र असावेत, अशी त्यांची कल्पना होती. यावरून बाप्तिस्मा अनावश्यक ठरत नाही. परंतु देव ज्याला आपला म्हणतो त्याची यादी आपल्या दफ्तरापुरती संपत नाही, एवढे निश्चित ठरते.

मग आईबापांनी करावे काय? प्रथम, बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्यापूर्वी पाळकांकडे किंवा धर्मगुरूंकडे जाऊन विधीतील वचने स्वतः वाचावीत, कारण ती वचने बाळ देत नाही, आपण देतो. सोळाव्या व सतराव्या शतकांत गोव्याच्या साष्टीत लोकांना बाप्तिस्मा मिळाला, पण जुनी पुराणे गेली त्यांच्या जागी काही आले नाही, हे ध्यानात घेऊन फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले व ते १६१६ साली छापले. विधीनंतर उपदेश पाहिजे, आणि तो आपल्या भाषेत पाहिजे, हे त्यांनी जाणले होते, आणि तेच आजच्या घरालाही लागू आहे. मूल समजू लागले की त्याचा वाढदिवस जसा साजरा होतो तसा बाप्तिस्म्याचा दिवसही त्याला सांगावा, त्या दिवशीची मेणबत्ती पुन्हा लावावी. रागावताना 'तू आमचा नाहीस' असे शब्द तोंडून येऊ देऊ नयेत, कारण बाप्तिस्म्याने त्याला नेमके उलटे सांगितलेले आहे. त्याने पुढे शंका घेतल्या, देवळात येणे टाकले, तरी दाखला दाखवून त्याला दटावू नये; जो हक्क देवाने सोडलेला नाही, तो बजावण्यासाठी आपल्या दमदाटीची गरज नाही.

आणि शेवटी एक गोष्ट, जी लग्नाच्या बैठकीत कसोटीला लागते. बाप्तिस्मा घेतलेल्यांत यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे पौलाने गलतीकरांस स्पष्ट लिहिले. परंतु आपल्या ख्रिस्ती घरांतून मुलामुलींची स्थळे पाहताना पूर्वाश्रमीची जात अजूनही दबक्या आवाजात विचारली जाते. ज्यांच्या पणजोबांनी एका पाण्यासाठी आपली जात सोडली, त्यांच्या पणतवंडांनी तीच जात सोयरिकीच्या वेळी पुन्हा हुडकून काढावी, यासारखी विसंगती नाही. देव ज्याला आपले म्हणतो त्याला आपणही आपले म्हटले पाहिजे. आणि हे ज्या घराला साधले, त्या घराला बाप्तिस्म्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता राहणार नाही.